‘पोरं खिचडीला, आया कोर्सला’: त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. मग तोच माहेरच्या ग्रुपवर, तोच शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: अंगणवाडी म्हणजे खिचडीवाटप, शिकवत कुणी नाही. तीन वर्षांच्या पोराला कसलं आलंय शिक्षण. वस्तीतल्या बायकांना फुकट कोर्स दिले तरी त्या सर्टिफिकेट घेऊन घरीच बसतात. आणि हे सगळं आपल्या करातून. खाली जोडलेले हात, तीनदा.

मी भांडुपला डोंगरावरच्या वस्तीत सहा वर्षं शिवणवर्ग घेते. म्हणून आधी सर्टिफिकेटचंच बोलते, कारण ते अर्धं खरं आहे.

सर्टिफिकेटं पडून राहतात. मी पाहिलीत, प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर. पण का, ते ऐका. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचमधली एक बाई ब्लाऊजची कटोरी अशी कापायची की मी तिचा कागद बाकीच्यांना दाखवायचे. कांजूरला एका गाळ्यात काम लागलं, साडेनऊ ते साडेसहा. अकराव्या दिवशी सोडलं. धाकटा अडीच वर्षांचा, सासू गावाला, नवरा रोजंदारीसाठी नाक्यावर. धाकट्याला सांभाळायला सहावीतली थोरली घरी राहू लागली आणि शाळेतून फोन आला. आता ती घरी साड्यांना फॉल लावते. मेसेजवाल्याच्या हिशेबात ही बाई ‘घरी बसलेली’.

वर्गातही तेच. पोरं आयांच्या पायाशी, मशीनखाली. एकदा एकाचा हात पायट्यात जाता जाता वाचला. त्या दिवसापासून मी कोपऱ्यात जुनी साडी बांधून आडोसा केलाय आणि पोरांना रिकामी रिळं देते खेळायला. याला पाळणाघर म्हणायचं असेल तर म्हणा.

कायद्यात पाळणाघर आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे ते हवंच. त्या गाळ्यात मशीन होत्या चौदा. चार घरची धुणीभांडी करणारीच्या बाबतीत तर आकडा मोजायचीही गरज नाही. अंगणवाडीतली शाळा तिसऱ्या वर्षानंतर, तीही काही तासांची. अंगणवाडीतच पाळणाघर चालवायची केंद्राची ‘पालना’ योजना आहे, दिशा बरोबर आहे. माझ्या गल्लीपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

आईचा कोर्स आणि मुलाची शाळा एकत्र बांधली की काय होतं, हे अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात करून पाहिलंय. २००९ पासून तिथे, ज्यांची मुलं गरिबांसाठीच्या सरकारी बालवाडीत आहेत, अशा पालकांना रुग्णसेवेच्या कामाचं शिक्षण दिलं गेलं, मुलांच्या वेळा सांभाळून. वर्षभरात जास्त पालकांच्या हाती प्रमाणपत्र आलं, जास्त जण त्या कामाला लागले आणि मुलांची हजेरीही सुधारली. कमाई मात्र लगेच वाढली नाही, हेही सांगायला हवं. जादू नाही ती.

आता खिचडी. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यांतलं एक आपलं धारावी. सहा कामं ठरली: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला पुढे पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि शाळापूर्व शिक्षण. खिचडी सहातली एक. तिच्यासाठी केंद्राने २०१७ मध्ये ठरवलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये. यात नाक्यावर अख्खा वडापाव येत नाही.

शिकवणं कमी पडतं, ही तक्रार मात्र रास्त आहे. आमच्या वस्तीतल्या सेविकाताईंना सकाळी भेटा. एका हातात रजिस्टर, दुसऱ्यात मोबाइलवर नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप, वजनकाट्यावर रडणारं पोर, वर मतदारयाद्यांचं काम. गाणं कधी म्हणणार? तामिळनाडूत ३२० अंगणवाड्यांत हाच प्रश्न तपासला. काही केंद्रांना शिकवण्यासाठी अर्धवेळ जादा बाई दिली, बाकीच्यांना नाही. दीड वर्षाने जादा बाई मिळालेल्या केंद्रांतली मुलं गणितात आणि भाषेत पुढे होती, शिवाय कुपोषणही कमी झालं. म्हणजे ‘शिकवत नाहीत, बंद करा’ हा उपाय नव्हे. माणूस वाढवा, हा आहे. आणि त्या माणसाला नीट पैसे द्या. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या तो संप पन्नासहून जास्त दिवस चालला. तेव्हा याच ग्रुपवर अवाक्षर नव्हतं.

तीन वर्षांच्या पोराला शिक्षण कशाला? हा प्रश्न निदान महाराष्ट्रात तरी कुणी विचारू नये. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात लहान मुलांना शिकवायचं काम सुरू केलं. मुलं केंद्रावर येईनात तेव्हा शिक्षण मुलांच्या अंगणात गेलं, अंगणवाडी हे नावच तिथून आलं. आणि मेसेज पाठवणाऱ्या काकांचा नातू अडीचाव्या वर्षापासून मुलुंडला प्लेग्रुपला जातो. पहिल्या दिवसाचा फोटो त्यांनीच टाकला होता, मी बदामही दिला होता.

राहता राहिला कर. माझ्या त्या कटोरीवाल्या विद्यार्थिनीच्या मोबाइल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी लागतो. काकांच्या रिचार्जवरही तेवढाच.