स्टॅम्प ड्युटी तुमच्याच खात्यातून का भरायला लावतो: दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. तुमचं म्हणणं असं की आम्ही घराच्या दस्त नोंदणीच्या कामाची फी घेतो, पण स्टॅम्प ड्युटी भरायला ग्राहकालाच नेटबँकिंगवर बसवतो. त्याच रस्त्यावरचा दुसरा एजंट एका चेकमध्ये सगळं करून देतो. तुमच्या खात्यातून पैसे कापले गेले, चलान आलं नाही, पुन्हा भरावे लागले आणि पहिली रक्कम अडकून पडली. शिवाय करारातल्या किमतीपेक्षा जास्त रकमेवर ड्युटी लावली आणि आईंचं नाव पहिलं असूनही महिलांची सवलत दिली नाही. तुमच्या फ्लॅटचे खरे आकडे मी इथे लिहिणार नाही, ते तुमच्या फाइलमध्येच राहतील. बाकी सगळ्याचं उत्तर इथेच देतो, कारण हेच प्रश्न पुण्यात घर घेणाऱ्या बहुतेकांना पडतात.

पहिली तक्रार खरी आहे, आणि आमची ती पद्धत बदलणार नाही. मुद्रांक शुल्काचा, म्हणजे स्टॅम्प ड्युटीचा, एक रुपयाही आम्ही आमच्या खात्यात घेत नाही. ग्रास या राज्य सरकारच्या ऑनलाइन भरणा पोर्टलवर चलान आम्ही तयार करतो. जिल्हा, नोंदणी कार्यालय, लिहून घेणार (खरेदीदार) आणि लिहून देणार (विक्रेता) यांची नावं, दोघांचे पॅन, मिळकतीचं वर्णन, मोबदल्याची रक्कम हे सगळं भरून जीआरएन, म्हणजे त्या चलानाचा सरकारी नंबर, काढतो आणि तुम्हाला वाचायला पाठवतो. वाचायला पाठवतो यालाही कारण आहे. पैसे भरल्यानंतर त्या चलानावरचा मजकूर आपल्या हाताने बदलता येत नाही. तुम्ही होकार दिलात की बँकेच्या पानावरचं शेवटचं बटण तेवढं तुमचं. तिथून पैसे थेट राज्याच्या तिजोरीत जातात. चलानावर बँकेचा सीआयएन, म्हणजे पैसे जमा झाल्याचा नंबर, उमटला की भरणा पूर्ण झाला, आणि दस्त नोंदवताना दुय्यम निबंधक ते चलान डिफेस करतात, म्हणजे तेच चलान पुन्हा दुसऱ्या दस्ताला लावता येत नाही.

या साखळीत एजंटाचं खातं मध्ये आलं की तुमच्या हातात फक्त त्याचा शब्द राहतो. आमच्याकडे असे लोक येऊन गेलेत ज्यांनी पूर्ण रक्कम दुसरीकडे रोख दिली होती. हातात चलानाची रंगीत प्रिंट होती. जीआरएन टाकून पाहिलं तर सीआयएन नाही, म्हणजे चलान नुसतं तयार केलेलं, भरलेलं नाही. त्यात एका निवृत्त शिक्षकांचं प्रॉव्हिडंट फंडाचं आयुष्यभराचं साठवलेलं होतं. ते समोर खुर्चीत बसलेले असताना त्यांना हे सांगणं फार अवघड गेलं. तेव्हापासून हा नियम मी कोणासाठीही सैल केलेला नाही, नातेवाइकांसाठीही नाही.

कायद्याच्या बाजूनेही उशीर परवडत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे शुल्क सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेलं हवं. नोंदणीला मात्र सहीपासून चार महिने मिळतात. या दोन मुदतींची गल्लत अजूनही होते, आणि ती २०२० मध्ये जास्तच पक्की झाली असं मला वाटतं. त्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत ड्युटीत ३ टक्क्यांची सूट होती. तोवर शुल्क भरून सही झालेल्या दस्तांची नोंदणी पुढच्या चार महिन्यांत करता आली, कारण त्यांचं शुल्क वेळेत भरलेलं होतं. लोकांच्या लक्षात फक्त ‘चार महिने’ राहिलं. एजंट तुमची रक्कम आठ दिवस वापरत बसला तर चूक तुमच्या दस्तावर लागते. शुल्क कमी पडलं असं ठरलं तर दंड दरमहा २ टक्क्यांनी चढतो आणि वसुलीची नोटीस खरेदीदाराला येते.

आता अडकलेल्या पैशांबद्दल. विक्रेते परगावाहून येणार होते आणि टोकन, म्हणजे नोंदणी कार्यालयातली ठरवून घेतलेली वेळ, दुसऱ्या दिवशीचं होतं. बँकेने रक्कम कापली, पण ग्रासवर चलान पेंडिंग दिसत होतं. आमच्या ऑफिसातून तुम्हाला फोनवर आणि व्हॉट्सॲपवरही सांगितलं होतं की पुन्हा भरू नका, बँकेकडून भरण्याची माहिती ग्रासकडे पोहोचली की सीआयएन आपोआप येईल, गरज पडली तर टोकन पुढे ढकलू. संध्याकाळी तुम्ही दुसऱ्या बँकेतून भरलंत. विक्रेते पुन्हा कधी येतील याचा भरवसा नसताना तुमचा जीव टांगणीला लागला असेल, ते मला समजतं. दस्त दुसऱ्या चलानावर नोंदला गेला. नंतर पहिल्या चलानाचाही सीआयएन आला. ते आज पूर्ण भरलेलं, डिफेस न झालेलं, तुमच्या आईंच्या नावाचं चलान आहे. म्हणजे ती रक्कम बुडालेली नाही, सरकारकडे जमा आहे आणि परत मागता येते. हीच रक्कम आमच्या खात्यातून गेली असती, तर भरल्याचा पुरावा आमच्या पासबुकात राहिला असता आणि तुम्हाला परताव्यासाठी आमच्या मागे फिरावं लागलं असतं.

जास्त रकमेचा मुद्दा सरळ आहे. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकाप्रमाणे निघालेलं बाजारमूल्य यांत जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागतं. समजा करार ६० लाखांचा आहे आणि मूल्यांकन ६४ लाख निघालं. पुणे महापालिका हद्दीत मूळ ५ टक्के, स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १ असे ७ टक्के धरले तर ६४ लाखांवर ४,४८,००० रुपये होतात. ६० लाखांवर भरले असते तर ४,२०,०००. ते २८,००० रुपये आमच्याकडे येत नाहीत आणि आमची फीही त्यावर ठरत नाही. मूल्यांकन मान्य नसेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते त्यांच्याकडून ठरवून घ्यायला, जाता येतं. त्याला वेळ लागतो, आणि विक्रेता थांबायला तयार असेल तरच तो रस्ता उपयोगाचा आहे.

महिलांच्या सवलतीबद्दल तुमची चुटपुट मला जास्त पटते, कारण वरच्या उदाहरणात तो १ टक्का ६४,००० रुपयांचा होतो. १ एप्रिल २०२१ पासून ही सवलत आहे, पण घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्याच नावावर घेतलं जात असेल तर. पहिलं नाव आईचं आणि दुसरं मुलाचं असलं की ती मिळत नाही, क्रम कसाही लावा. असं घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही अट २०२३ मध्ये काढून टाकली, त्यामुळे सगळीच बंधनं गेली असा अनेकांचा समज झाला आहे. मसुदा करायच्या आधी आम्ही प्रत्येक कुटुंबाला हा पर्याय सांगतो. मुलाला घरकर्जाच्या व्याजाची आयकरात वजावट हवी असते, त्यासाठी मालकीत त्याचं नाव लागतं, आणि मग बरीच घरं सवलत सोडतात. तो हिशोब घरातल्यांनीच करायचा. सवलत मिळवण्यासाठी चलान एका नावाने आणि दस्त दोन नावांनी करून द्या, अशी मागणीही कधी कधी होते. ते आम्ही करत नाही. असा दस्त पुढे तपासणीत निघाला तर फरक आणि दंड दोन्ही भरावे लागतात, आणि घर विकायच्या वेळी नेमकी तीच अडचण समोर येते.

आमची फी मसुदा, मूल्यांकन, चलान, नोंदणी विभागाच्या सरिता या संगणक प्रणालीत दस्ताची माहिती भरणं, टोकन आणि नोंदणीच्या दिवशी इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, हातात पडेपर्यंत तिथे थांबणं, एवढ्या कामाची आहे. तिची जीएसटीसह पावती तुम्हाला दिली आहे. एका चेकमध्ये सगळं करणाऱ्याकडे ड्युटी किती, नोंदणी फी किती आणि त्याची स्वतःची किती, हे वेगळं लिहून मागून पाहा. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर जात नाही. तिथेच किती आकारले ते बघितलं तरी बराच अंदाज येतो.

अभिप्राय तुमचा आहे, तो ठेवायचा की बदलायचा हे तुम्ही ठरवा. परताव्याचं मात्र लांबवू नका. न वापरलेल्या मुद्रांकाच्या परताव्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो आणि तुमच्या पहिल्या चलानाची मुदत चालू झाली आहे. आधी ऑनलाइन अर्ज, मग त्याची प्रिंट, मूळ चलान, नोंदलेल्या दस्ताची प्रत, बँकेचं स्टेटमेंट आणि रद्द केलेला चेक घेऊन मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात जायचं. त्याच चलानातल्या नोंदणी फीसाठी वेगळा अर्ज करावा लागेल. दोन्ही अर्ज आम्ही करून देऊ, त्याची फी घेणार नाही. चलानावर आईंचं नाव असल्यामुळे सही त्यांची लागेल. त्यांना आमच्या ऑफिसचे दोन जिने चढायला लावू नका, वेळ कळवा, आमचा माणूस घरी येऊन सही घेईल.