वैयक्तिक कारण

आज हाफ डे टाकून भाचीच्या कॉलेजात गेले होते आणि तिथं एका कागदावर चक्क खोटं लिहून आले. तेव्हापासून डोकं फिरलंय. भांडी तशीच पडलीत सिंकमध्ये, पण आधी हे लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.

भाचीचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलं. बोर्डावर लागलं ते लागलं, वर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण टाकली ती लिस्ट, नावासकट, टक्क्यांसकट. पोरीची हजेरी ६१ टक्के भरलीय, ७५ पाहिजे. पालकांनी समक्ष येऊन हमीपत्र द्यायचं, नाहीतर परीक्षेचा फॉर्म अडवणार. आता माझ्या भावाच्या शेतात कापूस फुटलाय, वेचणीला बाया मिळत नाहीत, तो कुठं दिवस मोडून जळगावला येणार? म्हणून मी गेले. आत्या पण पालकच की.

पोरगी दांड्या मारत नाही हो. ती कॉलेजला रोज जाते, पण रोज उशिरा पोचते. आणि सकाळी साडेसातच्या प्रॅक्टिकलला सात चाळीसला पोचलं की गैरहजेरी. हा हिशोब आहे.

शहरातल्या मित्रांसाठी सांगते, मुक्कामाची गाडी म्हणजे काय. रात्री शेवटची एसटी गावात येऊन थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि सकाळी सव्वासहाला तीच गाडी निघते. रात्री गाडी आली नाही की सकाळची पण नाही. आमच्या एरंडोलकडच्या गावातून पोरांना कॉलेजात नेणारी ती एकच गाडी. ती वेळेवर निघाली तरी पुढं हायवे, पाळधी, मग बांभोरीचा पूल, आणि त्या पुलावर एखादा ट्रक बंद पडला की बसा गिरणामाईकडे बघत. आणि गंमत बघा, तिथंच जवळ आपलं विद्यापीठ. पोरगी विद्यापीठाच्या नाकासमोर अडकलेली आणि तिकडं वर्गात तिची गैरहजेरी लागतेय.

मला हे सगळं कुणी सांगायची गरज नाही कारण मी ह्याच गाडीनं गेलेय. १९९९ला एफवायला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. पहिल्याच महिन्यात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला वीस मिनिटं उशीर झाला, पळत पळत गेले, चपलेला चिखल, हातात डब्याची पिशवी. सर दारातच म्हणाले, "काय गं, निंदणी करून आलीस का?" निंदणी म्हणजे शेतातलं तण काढणं. अख्खी बॅच हसली. खरं सांगू का, आदल्या रविवारी मी निंदणीलाच गेलेली होते आईबरोबर, त्यामुळे मला हसू पण आलं नाही आणि रडू पण आलं नाही, मी नुसती उभी राहिले. "बाहेर थांब." थांबले. दीड तास.

आज त्या ऑफिसात उभी असताना तोच कॉरिडॉर आठवत होता. कॉलेज वेगळं, पण वास तोच, ॲसिडचा आणि फिनाइलचा.

तर तिथले सर मला म्हणतात, "मॅडम, एवढाच त्रास होतो तर होस्टेलला का नाही ठेवत?" हे वाक्य ऐकून माझं जे काही झालं ते इथं लिहिता येणार नाही. होस्टेलला का नाही ठेवत! होस्टेलला नंबर लागला असता तर ठेवलं असतं ना सर. बाहेर कॉट बेसिसवर, म्हणजे कुणाच्या खोलीत नुसती एक कॉट भाड्यानं घेऊन ठेवायचं तर भाडं वेगळं, मेस वेगळी, आणि घरात अजून दोन पोरं शिकतायत. बारावीपर्यंत पोरींना एसटीचा पास फुकट होता. बारावी झाली की संपलं, आता पासाचे पैसे भरा. भाड्याच्या एक तृतीयांशच भरायचे हे मान्य, पण तेच घरात रोख काढायला जीव जातो. व्यावसायिक कोर्सच्या मुलींची फी सरकारनं २०२४पासून माफ केली, चांगलं केलं, मी पण तेव्हा पोस्ट टाकली होती. पण फी माफ करून पोरगी वर्गात पोचते का? मधले तीसेक किलोमीटर कोण माफ करणार?

आणि मला एक सांगा, आपलं विद्यापीठ झालंच कशासाठी? आधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. एका कामासाठी पुण्याला जा, रात्रीच्या गाडीत बसा, दोन दिवस घाला. लांब पडतं म्हणूनच १९९०ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ वेगळं निघालं ना? म्हणजे जळगावहून पुणं लांब पडतं हे सगळ्यांना पटलं. एरंडोलच्या आतल्या गावाहून जळगाव लांब पडतं हे मात्र कुणाला पटत नाही. २०१८ला विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं, अभिमानच आहे, शाळेत न गेलेली बाई आमची. पण तिच्या नावाच्या विद्यापीठात तिच्यासारख्या घरातली नात शिकायला निघाली तर तिला गेटवर घड्याळ दाखवायचं.

बरं, नियम पाहिजे, कळतंय मला. हजेरी लावून कॅन्टीनला बसणारी, दिवसभर रील बनवणारी पण पोरं आहेत, त्यांच्यासाठी ७५ टक्के पाहिजेतच. पण ती पोरं लिस्टमध्ये नव्हती! मी बघितली ना लिस्ट. भाचीबरोबर त्याच गाडीनं येणाऱ्या तिच्या तिन्ही मैत्रिणी होत्या त्यात. चौघी एका गाडीच्या, चौघी डिफॉल्टर. एवढं दिसत नाही का कुणाला?

आणि अप-डाऊन करणारे प्राध्यापक? ते कितीला येतात? जाऊ द्या, ते नको. तासिकेवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं पैसे घेऊन शिकवणाऱ्या पोरांचे तर हाल कुत्रं खात नाही, पगार कधी होईल त्याचा पत्ता नसतो, त्यांच्यावर राग नाही माझा.

माझ्या त्या प्रॅक्टिकलचं राहिलंच. दीड तासानं बॅच सुटली. लॅबमधले एक काका होते, ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेल्या काचेच्या मापाच्या नळ्या, धुवून ठेवायचे. ते म्हणाले, "काय व्हयनं माय? गाडी लेट?" कॉलेजात पहिल्यांदा कुणी माझ्याशी अहिराणीत बोललं होतं, तेव्हा मात्र रडले. काकांनी स्टँड लावून दिला, म्हणे कर आता. पुस्तकात चार ओळी वाचल्या होत्या पण करायला गेले तर वेगळंच. खाली फ्लास्कमध्ये ॲसिड, त्यात रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, वरून ब्युरेटमधून अल्कली थेंब थेंब. फिकट गुलाबी आलं आणि टिकलं की थांबायचं. मी भसकन सोडलं आणि झाला राणी कलर. काका म्हणाले, पुन्हा. पुन्हा राणी कलर. सहाव्यांदा जमलं. तो शेवटचा अर्धा थेंब नळीच्या टोकाला लटकवून कसा घ्यायचा हे मला त्या काकांनी शिकवलं, ज्यांचं शिक्षण मी कधी विचारलं पण नाही. उशिरा येणाऱ्या बाकीच्या पोरी काय करायच्या माहितीये? शेजारणीची रीडिंग उतरवायच्या. जर्नल पूर्ण, सही झालेली, आणि हाताला काही येत नाही. भाची पण हेच करतेय सध्या, तिनंच सांगितलं मला हसत हसत.

सरांचं पण बरोबर असेल त्यांच्या जागी. वीस पोरं, ॲसिडच्या बाटल्या, मधेच कुणी घुसलं की सूचना परत सांगा. आता वय झाल्यावर हे दिसतं. निंदणीचं मात्र बोलायला नको होतं.

अमळनेरला साने गुरुजी प्रताप हायस्कूलला होते तेव्हा, १९२४ ते ३०, वसतिगृह त्यांच्याकडं होतं आणि ते पोरांच्या खोल्या झाडायचे म्हणून आपण जयंतीला भाषणं ठोकतो. झाडू नका हो खोल्या. बॅच बदलून द्या फक्त! बाहेरगावच्या पोरांची प्रॅक्टिकल अकराला ठेवा, गावातल्यांची साडेसातला. मी हे आज विचारलं. "टाइमटेबल एकदा लागलं की लागलं." बरं.

मग हमीपत्र. त्यात रकाना होता, गैरहजेरीचे कारण. मी लिहिलं, मुक्कामाची गाडी वेळेवर येत नाही. खिडकीतली बाई वाचून म्हणाली, ताई असं नाही चालत, आजारपण लिहा नाहीतर वैयक्तिक कारण लिहा. मी म्हटलं आजारी नाहीये ती. मग वैयक्तिक लिहा, म्हणे. मागं रांग होती, पोरगी माझा पदर ओढत होती, आत्या लिही ना, फॉर्मची उद्या शेवटची तारीख आहे. पहिली ओळ खोडली आणि लिहिलं. वैयक्तिक कारण. खाली सही केली.

महामंडळाची गाडी, हायवेवरचा पूल, कॉलेजचं टाइमटेबल, ह्यातलं वैयक्तिक काय आहे कुणी सांगेल का मला?

२०२१च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप होता तेव्हा ही पोरगी नववीत होती, शाळेला पाच किलोमीटर पायी जायची, दप्तर घेऊन. तेव्हा तिचं कौतुक केलं होतं सगळ्यांनी. मी पण फोटो टाकला होता, दीडशे लाइक आले होते. आता त्याची लाज वाटतेय.

थांबा, तिचाच फोन येतोय.

हं. रात्रीचे दहा वाजलेत आणि मुक्कामाची गाडी अजून गावात आलेली नाही. उद्या साडेसातला प्रॅक्टिकल आहे. भाऊ म्हणतोय पहाटे साडेपाचला मोटरसायकलवर हायवेच्या फाट्यावर सोडतो, तिथून काळी-पिवळी जीप मिळाली तर मिळाली, मग वेचणीला जातो. मी म्हटलं पोचलीस की मेसेज कर. ती म्हणे, "आत्या, आधी पोचू तर दे."