फणसाची फळी ठेव, आणि मास्क लाव

गेल्या रविवारी रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. आवाज पडलेला. "मामा, ती फणसाची फळी राहू दे. ते हवाईचं कोआ लाकूडच मागवू या का? नाहीतर सोडूनच देते."

चार महिने ही पोरगी युकुलेली बनवतेय, म्हणजे गिटारीसारखं छोटं, चार तारांचं वाद्य. आमचं गावचं घर उतरवलं तेव्हा माजघराच्या दाराची एक फळी तिने हट्टाने पुण्याला नेली. साचा स्वतः कापला. बाजूच्या पट्ट्या भिजवून गरम पाइपवर वाकवल्या, त्यातली एक मोडली, रडली, दुसरी वाकवली. आणि आता तबली, म्हणजे तारांखालची वरची पातळ फळी, चिकटवायची वेळ आली तर सोडून देते म्हणे. का, तर कुणीतरी पाठवलेला एक मेसेज. 'युकुलेली बनवण्याआधी हे पाच मुद्दे वाचाच.' तोच मेसेज आमच्या संगीताच्या दोन ग्रुपवर आणि घरच्या ग्रुपवरही फिरतोय, आणि लोक खाली हात जोडून 'उपयुक्त माहिती' असं लिहितायत.

मेसेज थोडक्यात असा. एक, युकुलेली कोआची किंवा महोगनीचीच, बाकी सगळी खेळणी. दोन, आवाज ठरतो तो पाठीच्या आणि बाजूच्या लाकडावर, म्हणून सगळा पैसा तिथे घाला. तीन, आपली देशी लाकडं आपल्या हवेत टिकत नाहीत, तडकतात. चार, जुन्या घराचं लाकूड 'मेलेलं' असतं, त्यात नाद उरत नाही. पाच, लाकूड घासताना मास्क वगैरेची गरज नाही, भुकटी नैसर्गिक असते, जुन्या सुतारांनी कुठे मास्क लावले होते?

पाचव्यापासूनच सुरुवात करतो. बाकीच्या चार मुद्द्यांनी फार तर एखादं वाद्य अडेल. हा मुद्दा माणसाच्या जिवाशी आहे.

लाकडाच्या भुकटीने कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली कर्करोगावर संशोधन करणारी आयएआरसी ही संस्था आहे. तिने १९९५ मध्ये लाकडाची भुकटी पहिल्या गटात टाकली. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा ज्या गोष्टींबद्दल मिळालेला आहे, त्यांचा हा गट. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. २०१२ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासला गेला आणि निष्कर्ष तोच राहिला. रोग होतो तो मुख्यतः नाकाच्या पोकळीत आणि तिच्या आजूबाजूच्या सायनसमध्ये. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं गाव आहे, पिढ्यानपिढ्या खुर्च्या बनवणारं. १९६० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की एरवी क्वचित दिसणारा नाकाचा एक कर्करोग फर्निचर कामगारांमध्ये वारंवार सापडतोय. या विषयाचा नीट अभ्यास सुरू झाला तो तिथून. 'जुन्या सुतारांनी कुठे मास्क लावले होते' असं विचारणाऱ्यांनी त्या गावातल्या जुन्या सुतारांचं काय झालं ते वाचावं.

एक युकुलेली घासली म्हणजे कर्करोग झाला, असं मी म्हणत नाही. ती माणसं वर्षानुवर्षं त्या धुळीत उभी होती. पण हाताला हे काम लागलं की एकावर कुणी थांबत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. आणि कर्करोग राहू दे बाजूला, पुरळ आणि दमा यायला वर्षं लागत नाहीत. शिसव आणि सागवान या दोन्हींची भुकटी अंगावर उठते. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उतला की कातडीचं काय होतं ते ज्याने पाहिलंय, तो त्या कुळातलं लाकूड उघड्या अंगाने घासायला बसणार नाही. नेहमीची लाकडं सोडून वेगळं काही करून बघणाऱ्याला तर ही काळजी जास्तच घ्यायला हवी, कारण कुठलं लाकूड आपल्याला बाधेल हे आधी कळत नाही.

मी स्वतः पहिली दोन वर्षं नाक उघडं टाकून काम केलं. फणसाचं जुनं लाकूड वरून काळपट दिसतं, पण रंधा मारला की आतून मधासारखं पिवळं निघतं. बौद्ध भिक्खूंची चीवरं रंगवायला याच लाकडाचा भुसा उकळत. रात्री नाक शिंकरलं की रुमालावर तोच पिवळा रंग यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा. पुढे एकदा आंब्याची फळी घासली आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात फुलून आला, आठ दिवस झोप नाही. तेव्हा शहाणपण आलं. म्हणून भाचीला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं: एन-९५ मास्क, नाकाशी आणि गालाशी फट न ठेवता. घासायचं ते गॅलरीत. रंध्याने आणि स्क्रॅपरने जेवढं काढता येईल तेवढं काढायचं, कारण त्यांची सालपटं खाली पडतात. पॉलिश पेपरची भुकटी हवेत तरंगते, आणि सँडिंग मशीनची त्याहून जास्त. फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. हे सगळं ती करत होती. मेसेज वाचल्यावर तिने मला विचारलं, "मग मास्कचीही गरज नव्हती का रे?" माझा संताप झाला तो या वाक्याने.

आता कोआ. ऑगस्ट १८७९ मध्ये रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून होनोलुलूला पोचलं. उसाच्या मळ्यांवर कामाला माणसं आणली होती. त्यांत तीन लाकूडकाम करणारे होते: मानुएल नुनेस, आउगुस्तु दियास आणि जुझे दु एश्पिरितु सांतु. त्यांच्या गावाकडे माशेत नावाचं छोटं चार तारांचं वाद्य होतं, त्यावरून त्यांनी हवाईत युकुलेली घडवली. त्यासाठी लाकूड कुठलं घेतलं? तिथे हाताशी होतं ते, कोआ. हे झाड हवाई बेटांखेरीज जगात दुसरीकडे कुठे नैसर्गिकरीत्या उगवत नाही. म्हणजे ज्या परंपरेचा दाखला देऊन माझ्या भाचीला घरची फळी टाकायला सांगताय, ती परंपराच मुळी जवळचं लाकूड उचलण्याची आहे. मदेइराच्या त्या सुतारांनीही गावाकडून फळ्या मागवत बसायचं ठरवलं असतं, तर कोआची युकुलेली जन्मालाच आली नसती.

आणि कोआ म्हणजे तरी काय, तर अकेशिया. कोकणात आणि गोव्यात रस्त्याकडेला, कातळावर जी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावलेली दिसते ती त्याच प्रजातीतली त्याची बहीण. महोगनीचंही तसंच. आपला तूण आणि कडुनिंब तिच्याच कुळातले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन विचारा, तूण काय चीज आहे ते तिथले कारागीर दाखवतील. तंजावरची वीणा फणसाची असते. त्या वीणेला कुणी खेळणं म्हणून दाखवावं. बाकी लाकूडच हवं असंही नाही: मारिओ माकाफेर्री या गिटारच्या उस्तादाने १९४९ मध्ये प्लास्टिकची युकुलेली बाजारात आणली, ती लाखोंनी खपली आणि आजही लोक ती वाजवतात.

सगळीच लाकडं सारखी, असं मात्र नाही. बाभळीसारखं जड लाकूड तबलीला मी घेणार नाही. पण फणस वजनाला कोआ-महोगनीच्या आसपासच बसतो, त्याला या यादीतून हाकलायचं कारण नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर फार बोलायची गरज नाही, कारण ते काम इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाने केलंय. रॉजर बकनॉल या नावाजलेल्या गिटार बनवणाऱ्याने सहा गिटारी बनवल्या. तबली, आतल्या पट्ट्या, मापं सगळं शक्य तितकं एकसारखं. फक्त पाठ आणि बाजू सहा वेगवेगळ्या लाकडांच्या. त्यांत ब्राझिलियन रोझवूड होतं, आपलं शिसव होतं, महोगनी होती, मेपल, अक्रोड आणि सापेलीसुद्धा होतं. ५२ गिटारवादकांना त्या वाजवायला दिल्या, मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे चढवून, म्हणजे लाकूड दिसायलाच नको. सगळ्या गिटारींना जवळपास सारखेच गुण मिळाले. महाग लाकूड कुठलं आणि स्वस्त कुठलं हे वादकांना भरवशाने ओळखता आलं नाही. हा शोधनिबंध २०१८ चा आहे, अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकातला. प्रयोग पोलादी तारांच्या गिटारीवरचा आहे, युकुलेलीवरचा नाही, हे मान्य. पण पाठीच्या लाकडावर सगळा पैसा घालायला सांगणाऱ्याने निदान याच्या तोडीचा एक पुरावा तरी द्यावा. शिवाय ही शंका आजची नाही. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने १८६२ मध्येच एका गिटारीची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याची केली होती, आवाज तबलीतून येतो हे दाखवायला. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

मेसेजमध्ये एक शब्दही नाही तो जाडीबद्दल. अरे, युकुलेलीचं सगळं मर्म तिथे आहे! फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या हिशेबात बदलतो. २ मिलिमीटरची तबली १.६ वर आणली तर वजन पाचव्या हिश्शाने उतरतं, पण ताठपणा जवळपास निम्मा होतो. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी लाकूड गेलं आणि ठोकळ्यासारखी फळी बोलायला लागली. कोआची तबली तीन मिलिमीटर ठेवलीत तर ती मुकीच राहणार.

हे हाताने कळतं. ४० सेंटिमीटरची फळी असेल तर एका टोकापासून साधारण ९ सेंटिमीटरवर, कडेला, दोन बोटांच्या चिमटीत हलकी धरायची. फळी कंप पावते तेव्हा ती जागा स्थिर राहते, म्हणून बोटं आवाज खात नाहीत. मग मधोमध बोटाच्या पेराने टकटक करायची. जाड असताना ती पाटासारखी वाजते. रंधा फिरवत जावं तसा सूर खाली येतो आणि लांबत जातो. भाचीला फोनवरून हे ऐकवलं होतं, तिने तिकडून तिची फळी वाजवून दाखवली होती. ती फळी वाजत होती. मी ऐकलंय.

तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. आपल्याकडे लाकूड हलतं. कोकणातल्या पावसाळ्यात हवेत ८५ टक्के आर्द्रता असली की लाकडात १८ टक्क्यांच्या घरात पाणी मुरतं; ५० टक्क्यांच्या हवेत तेच ९ वर येतं; पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी आणखी खाली. जुलैत चिकटवलेली तबली एप्रिलमध्ये आकसते, आणि कडा सरसाने धरलेल्या असल्याने मधे चीर जाते. माझी एक अशीच गेली. पण यात देशी-विदेशी काही नाही, कोआ आणलात तरी तोही तितकाच तडकेल. उपाय सोपा आहे: पावसाळ्यानंतर, हवेत ४५-५० टक्के आर्द्रता असताना चिकटवायचं, आणि फळी अशी कापून घ्यायची की टोकाला बघितलं तर रेषा उभ्या दिसतील. तशी फळी रुंदीत कमी हलते.

चौथा मुद्दा उलटा आहे. जुन्या दाराच्या फळीने कितीतरी पावसाळे आणि उन्हाळे पाहिलेले असतात. वखारीतल्या ताज्या फळीपेक्षा ती शांत असते. खिळे आणि किडीची भोकं तेवढी बघून घ्यायची. अमेरिकेतले गिटार बनवणारे बॉब टेलर यांनी १९९५ मध्ये माल ठेवायच्या टाकाऊ पॅलेटच्या ओकची गिटार केली आणि खिळ्यांची भोकं ॲल्युमिनियमच्या चकत्यांनी बुजवून मुद्दाम दाखवली.

भाचीशी काल पुन्हा बोललो. तिची तबली २.१ मिलिमीटरवर आहे. दिवाळीनंतर चिकटवायची, तोवर रोज थोडी, स्क्रॅपरने, मास्क लावून. आणि ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे ढकललाय त्यांना हात जोडून सांगतो: लाकडांबद्दल तुमचं मत काहीही असू दे, ज्या ज्या ग्रुपवर टाकलात तिथे जाऊन 'पाचवा मुद्दा चुकीचा आहे, मास्क लावा' एवढी एक ओळ आज लिहा.