चेहरा एवढाच पुरावा?

सारख्या दिसणाऱ्या माणसांवरच्या तुमच्या लेखात, एका चेहऱ्याची सात माणसं असतात ही समजूत वाचून मौज वाटली. पण त्यात अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं एक प्रकरण यायला हवं होतं. १९९९ मध्ये तिथे एका बाईची पर्स हिसकावण्याचा प्रयत्न झाला. बोटांचे ठसे नाहीत, डीएनए नाही. साक्षीदारांनी चेहरा ओळखला, तेवढ्यावर एक माणूस सुमारे १७ वर्षं तुरुंगात! पुढे तुरुंगातच त्याला कळलं, आपल्यासारखाच दिसणारा दुसरा एकजण आहे. दोघांचे फोटो शेजारी ठेवले, तर त्या बाईलाही फरक सांगता येईना. २०१७ मध्ये तो सुटला. पण मुलांचं लहानपण त्याला कोण परत देणार? हे वाचल्यापासून ओळख परेडीवर माझा विश्वासच उरलेला नाही. नुसत्या चेहऱ्यावर कुणालाही शिक्षा होता कामा नये.