नाव घेतलं, गोष्ट सोडली
शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा नागपूरच्या मित्राने मार्व्हलची बातमी टाकली, सिनेमावालं नाही, राज्य सरकारने 2024 मध्ये पोलिसांसाठी काढलेली एआय कंपनी, आणि खाली "आता गुन्हेगार सुटत नाय". धडाधड अंगठे. मी कॅलिफोर्नियात बसून काही बोललो की "तिकडून शहाणपणा नको" हे ठरलेलं, म्हणून इथलंच सांगतो.

इथे कंपन्यांना टोलकिनच्या लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या दुनियेतली नावं द्यायचं वेड आहे. पॅलँटिर 2003 ची, सरकारांसाठी डेटा चाळायची सॉफ्टवेअरं बनवते, अँडुरिल 2017 ची, शस्त्रं बनवते, आता एरेबोर नावाची बँकपण. एरेबोर म्हणजे ड्रॅगन सोन्यावर लोळत असतो तो डोंगर, आणि ड्रॅगन गेल्यावर राजालाच त्या सोन्याची बाधा होते. बँकेला हेच नाव सुचावं!

पुस्तकातला पॅलँटिर म्हणजे लांबचं दाखवणारा दगड. तो खोटं दाखवत नाही हीच तर गंमत आहे. डेनेथॉर या म्हाताऱ्या कारभाऱ्याला त्यात जहाजं दिसतात ती खरीच असतात, पण काय दिसू द्यायचं ते सॉरॉन या खलनायकाच्या हातात, त्यामुळे ती मदतीला येतायत हे त्याला कळतच नाही आणि म्हातारा जिवंतपणी चितेवर चढतो. आपला धृतराष्ट्र बरा, व्यास दृष्टी देत होते तरी नको म्हणाला.

यांनी पुस्तक वाचलं नाही असं नाही हं, पॅलँटिरवाले पालो अल्टोच्या ऑफिसला 'शायर' म्हणायचे, म्हणजे पुस्तकातल्या बुटक्या हॉबिट लोकांचा मुलूख. फक्त वाचताना प्रत्येक जण स्वतःला गँडाल्फ, म्हणजे त्यातला भला जादूगार समजतो, आणि गँडाल्फ अफाट सत्ता देणारी अंगठी दिली तरी घेत नाही ते पान उलटून पुढे जातो. 2025 मध्ये याच पॅलँटिरला इमिग्रेशनवाल्यांकडून सुमारे 3 कोटी डॉलरचं काम मिळालं, परदेशी लोकांचा माग काढायची सिस्टिम बनवायचं.

दगडात दिसणाऱ्यांपैकी मी एक. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे, एका जुन्या फॉर्मवर राहून गेलं, तर एका ऑफिसात सिस्टिमला माझ्याजागी दोन माणसं दिसली. काउंटरवरच्या बाईने स्क्रीन माझ्याकडे फिरवून विचारलं, यातला तू कोण? म्हटलं दोन्ही मीच. सहा आठवडे कागद अडकले, आणि स्क्रीनवर एकही अक्षर चुकीचं नव्हतं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. नागपूरकर म्हणाला, बापाचं नाव लावायला काय झालं होतं तुला? मी विचारलं, वहिनींचं आधारवर माहेरचं आडनाव आहे की सासरचं, आणि पॅनवर?

ब्लू टिक आली. उत्तर अजून नाही.