शेड शेतकऱ्याचं, डुकरं कंपनीची

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ग्रामीण काउंटीत (जिल्ह्यात) शेतकऱ्यांसाठीची करोनाकाळातली सरकारी मदत कुणाला मिळाली, यावरचा हा लेख ‘बड्यांनी पैसे लाटले’ एवढ्यावर थांबतो. अहो, लाटायची गरजच नव्हती! २०२० च्या त्या योजनेचं सूत्रच जनावरं किती, माल किती यावर बेतलेलं. माणशी मर्यादा अडीच लाख डॉलर. पण कंपनीच्या नावावर शेती असेल आणि तीन भागधारक प्रत्येकी किमान ४०० तास काम किंवा नुसती देखरेख करत असतील, तर साडेसात लाखांपर्यंत. सगळं नियमात बसवून.

खरे मेले ते कंत्राटी डुक्करपालक. शेड त्यांचं, त्यावरचं कर्ज त्यांचं, डुकरं मात्र कंपनीची. त्या एप्रिल-मेमध्ये कत्तलखाने बंद पडले, पुढची पिल्लं यायची थांबली की उत्पन्नही थांबलं. अर्ज करायला जावं तर जनावर नावावर नाही, म्हणून अपात्र! त्यांच्यासाठी कायद्यात तरतूद झाली ती थेट डिसेंबर २०२० मध्ये. लेखातला तक्ता पैसे मिळालेल्यांचा आहे, त्यात हे लोक दिसणार कसे? पुढच्या भागात त्यांच्याशी बोला.