फुकटची बाटली

आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात एक काळी स्टीलची पाण्याची बाटली आहे. तिच्यावर अमेरिकन सैन्याचा तारा छापलाय. गेल्या गणपतीत भाचा आला होता, त्याने दिली. "मामा, ठेव तुला. सैन्यात राहायची पुन्हा सही केली की मिळतात. माझ्याकडे तीन पडल्यात."

भाचा तिकडे एमएस करायला गेला आणि २०१५ मध्ये मॅव्हनी नावाच्या योजनेतून सैन्यात शिरला. परक्या देशातून आलेल्या, गरजेची भाषा किंवा डॉक्टरकी येणाऱ्या मुलांना तेव्हा असं घेत. पुढच्याच वर्षी ती योजना बंद झाली. ताईने महिनाभर अन्न गोड लागू दिलं नव्हतं, पण तो राहिला. २०१९ ला पुन्हा सही केली, २०२३ ला परत.

अमेरिकेत १९७३ पासून सक्तीची भरती नाही. जो आहे तो करारावर. करार संपत आला की करिअर काउन्सेलर म्हणून एक सार्जंट गाठतो. गणवेशातलाच माणूस, पण काम एकच, जाणाऱ्याला थांबवणं. त्याच्याकडे टी-शर्ट, कॉफीचा मग, किचेन, जिमची बॅग असला सगळा माल असतो. आपल्याकडे विम्याचा एजंट दिवाळीत डायरी आणि कॅलेंडर घेऊन येतो ना, तसंच.

खरं सांगतो, ऐकून आधी डोकंच फिरलं. माणूस जिवावर उदार व्हायची सही करणार आणि तुम्ही त्याच्या हातात बाटली ठेवणार?

आमचे आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. त्यांनी बाटली उलटी करून बूड पाहिलं, झाकणाचे आटे फिरवून पाहिले आणि नातवाला विचारलं, "ह्याच्यापायी राहिलास व्हय रं?"

भाचा हसला. म्हणाला, "आबा, ही तर सही झाल्यावर देतात."

मग रात्री गच्चीवर त्याने खरं कारण सांगितलं. सैनिकाला कॉलेजच्या फीची जी सवलत मिळते, ती तिकडे बायको-मुलांच्या नावावर करता येते. अट अशी की सहा वर्षं नोकरी झालेली हवी आणि पुढची चार वर्षं राहीन असं लिहून द्यायचं. २०२३ ला त्याची आठ झाली होती. त्याची पाठ दुखते म्हणून सूनबाई 'सोडा आता' म्हणत होती. त्या दोघांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून मुलीच्या कॉलेजचा हिशोब केला आणि सकाळी तो सही करून आला. काउन्सेलरच्या टेबलावर काय मांडलं होतं हे त्याला आठवतसुद्धा नाही.

बोनसही असतो म्हणा. ज्या कामाची माणसं कमी, त्यांना जास्त. युद्धक्षेत्रात सही केली तर त्यावर आयकर नाही, त्यामुळे पुष्कळजण तिकडे पोचेपर्यंत सही लांबवायचे. ४ जुलै २००८ ला बगदादमध्ये, सद्दामच्या जुन्या महालात, १,२१५ जणांनी एकदम हात वर करून पुन्हा शपथ घेतली. फोटो जगभर गेले. त्याच काळात 'स्टॉप-लॉस' हा नियमही चालू होता. म्हणजे करार संपला, सही केली नाही, तरी घरी जाता येत नसे. पुढे सरकारने अशा अडकवलेल्यांना महिन्यामागे ५०० डॉलर भरपाई दिली. एका हाताने बॅग द्यायची आणि दुसऱ्या हाताने कॉलर धरायची, असा तो मामला.

बोनसची दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियाची. तिथल्या नॅशनल गार्डने, म्हणजे राज्याच्या अर्धवेळ सैन्याने, इराक-अफगाणिस्तानच्या दिवसांत माणसं टिकवायला बोनस वाटले. नंतर लक्षात आलं की बरेच नियमात बसत नव्हते. चूक भरती खात्यातल्या लोकांची, पण वसुलीच्या नोटिसा सैनिकांना. जवळपास १०,००० जण, अनेकांकडे १५,००० डॉलर आणि वर. दहा वर्षांपूर्वी मिळालेले, खर्चून संपलेले पैसे! २०१६ मध्ये पेपरात बोंब झाली तेव्हा कुठे संरक्षणमंत्र्यांनी वसुली थांबवली. हे वाचल्यापासून बाटलीवरचा माझा राग बराच उतरलाय. ती परत मागायला तरी कोणी येणार नाही.

राग उरलाय तो वेगळा. २०२३ मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने बराकींवर अहवाल काढला. भिंतींना बुरशी, तुंबलेलं सांडपाणी, किडे. विशीतला पोरगा त्या खोलीत झोपतो आणि सकाळी त्याला कॉफीचा मग मिळतो. आधी भिंत खरवडा की! आणि गंमत बघा, २०२२ मध्ये अमेरिकन लष्कराला ६०,००० नवी माणसं हवी होती, साधारण १५,००० कमी पडली. पण आत असलेल्यांना टिकवायचं लक्ष्य त्याच वर्षी पार झालं. म्हणजे एकदा आत गेलेला, संसार थाटलेला माणूस राहतोच. पगार, दवाखाना, पोरांची शाळा हे सगळं हलवणं सोपं नसतं. मग ती बाटली नक्की कोणासाठी? माझा अंदाज, वरच्या साहेबाला 'आम्ही काहीतरी करतोय' हे दाखवण्यासाठी.

आबांना कोणी 'राहा' म्हणून विनवल्याचं आठवत नाही. पंधरा वर्षं भरली की पेन्शन पक्की, एवढंच गाजर. त्यांची नाव-नंबर रंगवलेली काळी पत्र्याची ट्रंक अजून माळ्यावर आहे, आईच्या गोधड्या असतात तिच्यात.

शेजारचा पोरगा अग्निवीर आहे. चार वर्षं पगार, शेवटी सेवानिधीचे साधारण पावणेबारा लाख, आणि कायम घेणार शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीसांना. सुट्टीवर आलाय तरी पहाटे पाचला पळायला जातो. रविवारी चहाला आला, बाटली हातात घेतली, कुठली म्हणून विचारलं. मी सगळी हकीकत सांगितली. तो बराच वेळ ताऱ्यावरून अंगठा फिरवत बसला.

"म्हंजे तिकडं ऱ्हावा म्हणून सांगायला पगारी माणूस ठिवलाय?"

म्हटलं, हो.

"आन् तरी पोरं सोडून जात्यात?"

काही जातात, म्हटलं. बाटली घेऊन जा, तुला होईल. त्याने ती नीट पुसून परत ओट्यावर ठेवली. "नको काका. युनिटात इचारतील कुठनं आणली. यंदाचं वरीस लई जपून काढायचंय."